आई, त्याला जास्त दिलंस!

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की या पानाकडे पत्रांचा ओघ वाढतो आणि ती वाचून असं वाटायला लागतं की गोव्यातल्या प्रत्येक घरात दोन-दोन मुलगेच आहेत आणि सगळे एकमेकांच्या उरावर बसलेत. या वेळी आलेल्यांपैकी सहा निवडली. नेहमीप्रमाणे सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्र वगैरे शिकलेली नाही, माझे दोन आहेत, थोरला आता बारावीला आणि धाकटा नववीला, दोघंही धडधाकट आहेत आणि घराचं छप्पर अजून जागेवर आहे, एवढीच माझी पात्रता.

ताई, मला दोन मुलगे, आठ आणि पाच वर्षांचे. चवथीची सुट्टी संपल्यापासून रोज संध्याकाळी साडेपाच ते सात घरात नुसतं रणांगण असतं. कारण काहीही चालतं. त्याला जास्त दिलं, तो माझ्या जागेवर बसला, तो माझ्याकडे बघतो. हो, नुसतं बघण्यावरून! मी घसा फुटेस्तोवर ओरडते, नंतर रात्री ते झोपले की रडते. माझं काय चुकतंय? – एक आई, फोंडा

अगं, सगळ्यात आधी ते रात्रीचं रडणं थांबव. तुझं काही चुकत नाहीये, तुझं घड्याळ चुकतंय. कसं ते सांगते.

आपल्याकडे शाळा दुपारी दीडच्या आसपास सुटते, पोरं दोनला जेवतात, मग ऑक्टोबरच्या उन्हात त्यांना बाहेर सोडायचं म्हणजे अंगाला घामोळं, म्हणून आपण त्यांना घरात कोंडतो, चारला अभ्यासाला बसवतो आणि साडेपाचला ती मोकळी होतात तेव्हा बाहेर काळोख पडायच्या बेतात असतो. मे महिन्यात सात वाजेपर्यंत उजेड असायचा ना, दिवाळीपर्यंत तोच सहावर येतो, म्हणजे पोरांचा खेळायचा जवळजवळ एक तास कुणीतरी गुपचूप चोरून नेलाय आणि त्यांना ते कळलेलंच नाही. त्यात परतीचा पाऊस. दिवसभर लख्ख ऊन आणि नेमका साडेचारला सत्तरी तालुक्याच्या बाजूने काळा ढग चढतो, गडगडाट होतो, आणि गेली ती संध्याकाळ. अंगातली सगळी वाफ अंगातच, वर पोटात दोन वाजल्यापासून काही नाही. भांडणार नाहीत तर काय आरत्या म्हणतील?

मी काय केलं तर खाणं आधी आणलं. भूक लागल्यावर द्यायचं नाही, भांडण सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्यायचं. उंडा (गोल पाव) आणि सकाळची पातळ भाजी, किंवा केळं, किंवा शिजवलेलं कणंग (कंद), जे असेल ते. आणि अभ्यास उचलून काळोखात टाकला. साडेचारला बाहेर, ढग येईपर्यंत जेवढं मिळेल तेवढं, परत आल्यावर आंघोळ, दिवा, मग वह्या. सासूबाईंनी "दिवेलागणीला अभ्यास की देवाचं?" म्हणून तोंड वाकडं केलं होतं, मी म्हटलं शुभंकरोती दोन मिनिटांचं असतं. आठ दिवसांत निम्मी भांडणं गेली. निम्मीच, जास्त नाही, खोटं कशाला सांगू.

आता "त्याला जास्त". हे मात्र खाण्याने जात नाही. आमच्याकडे तळलेल्या बांगड्याचा मधला तुकडा हा विषय इतका पेटायचा की मी शेवटी बांगडे लहान आणायला लागले, प्रत्येकाला अख्खा. चपाती, केक, चिक्की यांना जुनी युक्ती, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. माझा थोरला कंपासपेटीतली पट्टी घेऊन चिक्की मोजायचा, पण ओरडायचा नाही, मला तेवढंच हवं होतं.

पुढच्या सीटवर कोण बसणार, रिमोट कुणाकडे, देवाची घंटा कोण वाजवणार, यासाठी आम्ही तारखा वाटल्या. विषम तारीख थोरल्याची, सम तारीख धाकट्याची. भांडण झालं की मी बोलायचंच नाही, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट. काय सुख होतं सांगू! पण मी ही पद्धत ऑक्टोबरात सुरू केली होती आणि ऑक्टोबर ३१ दिवसांचा. ३१ विषम, १ नोव्हेंबर पण विषम. सलग दोन दिवस थोरल्याचे! धाकटा तेव्हा पहिलीत, त्याला बेरीज धड येत नव्हती पण हे त्याने १५ तारखेलाच शोधून काढलं आणि कॅलेंडर घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला, डोळ्यांत पाणी. मग ठरलं की ३१ तारीख आजीची. त्या दिवशी पुढच्या सीटवर आजी, रिमोट आजीकडे, घंटा पण आजी वाजवणार. सासूबाई इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या सगळ्याच महिन्यांना ३१ तारीख का नाही.

आणि एक, "माझ्याकडे बघतो" याला उपाय नाही. माझे अजून बघतात.

नमस्कार. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दरवर्षी दिवाळीला मोठा नरकासूर होतो, रात्रभर मिरवून पहाटे जाळायचा पुतळा. थोरला नऊ वर्षांचा, त्याला यंदा मुलांबरोबर रात्रभर थांबायचंय. धाकटा सहाचा, तो म्हणतो दादा जाणार तर मी पण. बायको म्हणते दोघंही जाणार नाहीत, तो डीजे, ती दारू प्यायलेली पोरं, पहाटेपर्यंत जागरण. मी लहानपणी स्वतः जायचो, त्यामुळे मला "नको" म्हणवत नाही. कोणाचं ऐकू? – एक बाबा, पेडणे

बायकोचं ऐका. आणि मुलांचं पण. तुमचं स्वतःचं तेवढं बाजूला ठेवा, कारण तुम्ही जो नरकासूर आठवताय तो आता राहिलेला नाही हो. कोंड्यांचा, म्हणजे बांबूंचा, सांगाडा, त्यात भाताचा पेंढा, वर गोणपाट आणि जुनी वर्तमानपत्रं, पिठाच्या खळीने चिकटवलेली, आणि तोंड रंगवायला वाड्यावरचा एक चित्रकार मुलगा, ते सगळं पंधरा दिवस चालायचं आणि खरी मजा त्या पंधरा दिवसांत असायची. आता पुष्कळ ठिकाणी तोंडवटा बाजारातून येतो आणि उरलेलं काम स्पीकर करतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर वाजवायचा नाही असा २००० सालापासूनचा केंद्राचा नियम आहे, शासन ठराविक दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण नरकासुराच्या रात्री कितीजण घड्याळ बघतात ते तुम्हाला पेडण्यात बसून ठाऊक असेलच. सहा वर्षांच्या पोराच्या कानांना त्या बॉक्सजवळ तासभर सुद्धा उभं करू नका, हे मी अगदी निक्षून सांगते.

पण "नको" म्हणून दोघांना घरात झोपवलंत तर ती पोरं पुढच्या वर्षी जास्त हट्टाने जातील. म्हणून मधली वाट. थोरल्याला आत्तापासून रोज संध्याकाळी तासभर वाड्यावर कामाला पाठवा, तिथल्या मोठ्या मुलांपैकी एकाला सांगून ठेवा की याच्याकडून खरं काम करून घ्या, पेंढा भरू दे, कागद चिकटवू दे, नुसतं "बाजूला हो" करू नका. नऊ वर्षांच्या मुलाला रात्रभर जागायचं नसतं, त्याला आपला हात त्या नरकासुराला लागलाय हे लोकांना सांगायचं असतं. रात्री साडेनऊपर्यंत तुमच्याबरोबर थांबू दे, मग घरी. पहाटे चारला उठवा आणि दहन बघायला न्या, तेव्हा गर्दी विरळ असते आणि जे दमायचे ते दमलेले असतात.

आणि घरी एक छोटा करा, धाकट्यासाठी. दोन-अडीच फुटांचा पुरे. दोन काठ्यांची फुली बांधायची, जुन्या पायजम्यात पेंढा किंवा सुकलेल्या केळीच्या पानांची चिंधोटी कोंबायची, डोकं म्हणून पुठ्ठ्याचा खोका, जीभ लाल कागदाची, आणि मिशा, मिशांशिवाय नरकासूर नाही. पोटात फटाके भरू नका. लोक भरतात, आमच्या शेजारी एका वर्षी भरले होते आणि पेटता पेंढा उडून पत्र्यावरच्या सुकत घातलेल्या कपड्यांवर पडला, नशीब पहाटेचं दव होतं. अंगणाच्या मध्यात, माडापासून लांब, पाण्याची बादली भरलेली, मुलांच्या अंगावर सुती कपडे. बस.

एक सावधगिरीची सूचना मात्र देते जी कुठे लिहिलेली नसते. आम्ही असा छोटा नरकासूर केला त्या वर्षी माझ्या धाकट्याने त्याच्याशी आठ दिवस गप्पा मारल्या, त्याला चपातीचा तुकडा भरवला, रात्री त्याला थंडी वाजेल म्हणून टॉवेल घातला, आणि पहाटे आम्ही काडी ओढली तेव्हा त्याने असा काही हंबरडा फोडला की शेजारचे दिवे लागले. "माझा नरकासूर! तो वाईट नाहीये!" आता कृष्णाची गोष्ट कितीही सांगा, काय उपयोग. शेवटी माझ्या नवऱ्याने डोकं उपटून काढलं आणि धड तेवढं जाळलं. ते खोक्याचं डोकं आमच्या कोठीच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं असायचं, मिशांसकट, नारळ काढायला कुणी अंधारात गेलं की किंचाळायचं. चार वर्षांनी वाळवीने खाल्लं. तेव्हा तुमच्याकडे असं झालं तर डोकं वाचवा, शास्त्रात बसतं की नाही ते मी बघितलेलं नाही.

मग घरी येऊन तेल-उटणं, आंघोळ, तुळशीसमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून "गोविंदा!" कारिटं दोन आणा. एकच आणलंत तर पहिलं पत्र परत वाचा.

माझे दोघे सात आणि चार वर्षांचे. पाऊस संपत आला की दरवर्षी एकाला तरी ताप येतो, यंदा आमच्या बिल्डिंगमध्ये डेंगूच्या दोन केसेस झाल्यात. सासूबाई काढा देतात, मी घाबरून जाते. घरी काय काळजी घ्यावी? – म्हापसा

काढा राहू दे, त्याने सासूबाईंना बरं वाटतं. पण ताप अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव, आणि तिथे जाईपर्यंत एवढं लक्षात ठेव. डेंगूच्या संशयात तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि घरातल्या ड्रॉवरमधल्या गेल्या वर्षीच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते आधी वाच. थोरल्याच्या बाटलीतलं अर्धं चमचा धाकट्याला, असलं काही करू नकोस.

लोक फसतात ते कुठे तर ताप उतरल्यावर. पोरगं चौथ्या-पाचव्या दिवशी गार लागलं की आपण सुटलो म्हणतो, पण डेंगूत नेमका तोच दीड-दोन दिवसांचा काळ धोक्याचा असतो. पोटात खूप दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, मूल गळून पडणं किंवा उगाच चिडचिड करत राहणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे, उद्या बघू, असं करायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

हा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीबरोबरच दुपारी खेळायला जाताना पण अंगभर कपडे. आणि तो गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून टाकलं की त्याची साखळी तुटते. कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचं पिंप, माडाखालच्या करवंट्या, टायर. ओतल्यावर आतल्या बाजू घासायच्या, कारण अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. हे काम मुलांना द्या! रविवारी सकाळी दोघांच्या हातात एकेक टॉर्च, आणि वळवळणारे जंतू जो शोधेल त्याला दहा रुपये. आमच्या थोरल्याने शेजाऱ्यांच्या घरी जाऊन पण शोधले, आम्हाला जरा लाजल्यासारखं झालं पण वाड्यावरच्या करवंट्या गेल्या.

मुलाला शाळेतून प्रोजेक्ट आलंय, ऑटम सीझनचं चित्र आणि खरी लाल-पिवळी पानं चिकटवून आणा. दुसरीतला आहे. तो विचारतो आपल्याकडे पानं का गळत नाहीत, आणि धाकटा म्हणतो आपण झाड हलवूया. मी काय सांगू? – सांगे

धाकट्याचा विचार मला आवडला. पण खरं सांगायचं तर हे प्रोजेक्ट दुसऱ्याच कुठल्या तरी देशाचं आहे. आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक, आणि या दिवसांत सांग्यासारख्या ठिकाणी काय दिसतं तर पिकलेलं पिवळं शेत, कापणी, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं भात, धुऊन काढल्यासारखं आभाळ आणि कोजागिरीचा चंद्र. पानगळ आपल्याकडे शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमाराला.

कारण पण सोपं आहे, दुसरीतल्याला कळेल. थंड देशांत ऑक्टोबरात दिवस लहान होतो, गारठा येतो, पानांमधलं हिरवं द्रव्य संपतं आणि त्याच्याखाली आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो, काही झाडं तर त्यात नवा लाल रंग पण तयार करतात. मग पान गळतं, म्हणजे बर्फाच्या दिवसांत झाडाला त्याचा भार नको. आपल्याकडे झाडाला थंडीचं भय नाही, पाण्याचं आहे. पाऊस जाऊन तीन-चार महिने झाले, जमीन कोरडी पडली की सागवान, सावर, पांगारा पानं टाकतात, कारण पानांवाटे पाणी उडून जातं. सावर तर सगळी पानं टाकून वर लाल फुलं घेऊन उभी राहते.

आता प्रोजेक्ट. शाळेच्या आवारात किंवा जवळपास बदामाचं झाड असेलच, ज्याची फळं पोरं दगडाने फोडून खातात. त्याची पानं गळण्याआधी अगदी लालभडक होतात आणि एखाद-दुसरं लाल पान बहुतेक कधीही खाली सापडतं. ते एक पान, शेजारी भाताची लोंबी, तेरड्याचं फूल, आणि खाली मुलाच्या अक्षरात "हा आमचा शरद". टीचरनी मार्क कापले तर मला कळवा. आमच्या वेळी मी गपचूप क्रेयॉनने मेपलची पानं रंगवून दिली होती, आठवलं की अजून राग येतो, टीचरचा नाही, माझाच.

आम्ही दोघेही नोकरीला, वास्कोत फ्लॅट. दिवाळीच्या सुट्टीत मुलं (१० आणि ७) आजीकडे असतात आणि दिवसभर मोबाईल. आजीला ऐकत नाहीत. फिरायला कुठे न्यायचं तर बीच आणि मॉल सोडून काही सुचत नाही. काहीतरी सांगा. – वास्को

आजीच्या हातात मोबाईल आणि मुलांच्या हातात काम, असं उलटं करून बघा. चेष्टा नाही करत. आजी काही ना काही करतच असते, पणत्या धुणं, करंज्यांचं सारण, आकाशकंदिलाला नवा कागद, आणि आपण पोरांना सांगतो "सांडाल, जा बघू तिकडे." तिकडे म्हणजे मोबाईल. सांडू दे. माझ्या दोघांनी एका वर्षी अख्खं करंजीचं सारण जमिनीवर घातलंय, मुंग्या चार दिवस हटल्या नाहीत, पण त्यानंतर कातण्याने कडा कापायचं काम थोरल्याकडे जे गेलं ते आजतागायत.

रविवारी तुम्ही घरी असता तेव्हा मात्र बाहेर काढा. सकाळी लवकर रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा, फेरीबोटीचं ते पुढचं लोखंडी तोंड खाली पडतं तेव्हाचा आवाज हाच सात वर्षांच्या मुलाला अर्धी ट्रिप वाटतो. पलीकडे उतरल्यावर डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीच्या मधून वाट, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाहेरून येणारे पक्षी दिसायला लागतात. विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्या मोजायला सांगा, त्या उत्तरेकडून आलेल्या असतात. शेताच्या वर घोंगावणारे पिवळसर चतुर दाखवा. या दिवसांत त्यांचे थवे असतात आणि त्यातली एक जात वाऱ्याबरोबर मालदीववरून समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेपर्यंत जाते, बोटाएवढा किडा! हे मी माझ्या धाकट्याला सांगितल्यावर त्याने चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचं बंद केलं. "त्याला लांब जायचंय," म्हणाला.

पणजीत असाल तर पाटो भागात कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक वाचनालयांपैकी, आणि तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. मिरामारला सायन्स सेंटर आहे. सणाच्या दिवसांत कुठे काय बंद असतं ते आधी फोन करून विचारा, नाहीतर दोन पोरांना घेऊन बंद गेटसमोर उभं राहण्यासारखी वेळ नाही, मी राहिलेय.

बाकी मोबाईल पूर्ण बंद होणार नाही, त्याची आशा सोडा. आमच्याकडे जेवणाच्या ताटाजवळ नाही आणि दिवा लागल्यावर नाही, एवढे दोनच नियम, आणि ते आम्हा मोठ्यांना पण. दुसरा नियम सगळ्यात जास्त वेळा माझ्या नवऱ्याने मोडला.

आजी आहे मी, काणकोणची. दिवाळीला फोवांचे, म्हणजे पोह्यांचे, पाच प्रकार करते. नातू पुण्याहून येतात आणि म्हणतात नूडल्स कर. मन मोडतं गो. आणि दुसरं, तुळशीच्या लग्नाला दोघांनाही अंतरपाट धरायचाय, सूनबाई म्हणते भांडतील, कोणालाच देऊ नका.

आजी, नमस्कार. पुण्याच्या पोरांना फोव म्हणजे कांदेपोहे एवढंच ठाऊक, त्यांना एकदम ताकातले आणि तिखशे पुढे ठेवलेत तर ती बावरणारच. रोसातल्यांपासून सुरुवात करा. नारळाचा दाट रस, त्यात गूळ विरघळवून, वेलची आणि चिमूटभर मीठ, आणि फोव अगदी शेवटी, ताटात वाढताना, म्हणजे लगदा होत नाही. रस काढायला नातवांना बसवा, दोघांना दोन वाट्या, कोणाचा जास्त निघतो बघू म्हणा. स्वतः पिळलेला रस कुठलंही पोर टाकत नाही. आंबाड्याचं सासव त्यांना देऊ नका, ते आपल्यासाठीच ठेवा, आणि नूडल्स एक दिवस करून द्या हो, दिवाळी काही नूडल्सने बाटत नाही.

अंतरपाटाचं सूनबाईंना सांगा, जगात ही एकच वस्तू अशी आहे जी एकट्या मुलाला धरताच येत नाही. दोन टोकं, दोन नातू. फक्त थोरला उंच असेल तर पाट तिरका होतो आणि मंगलाष्टकं चालू असताना पलीकडून कृष्ण दिसतो, मग भटजी ओरडतात. तेव्हा धाकट्याच्या पायाखाली बसायचा पाट ठेवा. आणि "शुभमंगल सावधान" झाल्यावर वृंदावनातला ऊस लगेच काढून घ्या, तिथे टोकं दोन असली तरी शेंड्याकडचा भाग कुणालाच नको असतो.